दिसत नाही म्हणतात, पण पाय बरोबर उचलतात : वडिलांच्या नजरेविषयी एक प्रश्न

मुळाकाठ (विचारणा)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वडिलांना, वय ७१, पक्षाघाताचा झटका आला. हातापायांत ताकद लवकर परतली, बोलणे स्वच्छ आहे आणि हिशेब पूर्वीइतकेच चोख आहेत. परंतु मेंदूच्या उजव्या बाजूच्या अगदी मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेली. फील्ड टेस्टच्या कागदावर दोन्ही वर्तुळांचा डावा अर्धा भाग काळा आला आहे. बाबा मात्र म्हणतात की तिथे काळोखसुद्धा नाही. आपल्या पाठीमागे जसे आपल्याला काळे दिसत नाही, काहीच दिसत नाही, तसे त्यांना डावीकडे काहीच नाही.

आता अडचण अशी. महिन्यापूर्वी ते ओसरीवर खुर्चीत बसून समोर रस्त्याकडे पाहत होते. माझ्या मुलाचा चेंडू डावीकडून घरंगळत आला आणि बाबांनी पाय उचलून त्याला वाट दिली. "आजोबा, दिसला ना?" असे मुलाने विचारले, तर ते म्हणाले, "कुठला चेंडू?" नंतर एकदा आईने डावीकडून पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी न पाहता बरोबर धरला. आई चकित होऊन म्हणाली, "अहो, दिसत नाही म्हणता आणि पेला अगदी नेमका धरता!" त्यात काही कुत्सितपणा नव्हता, पण त्यांना ते लागले. त्यातच काकांनी सर्वांसमोर "दादाला सगळे दिसते, घरच्यांनी जवळ बसावे म्हणून तो असे सांगतो" असे म्हटले आणि तेव्हापासून बाबा आपल्या नजरेविषयी बोलेनासे झाले आहेत. ज्या माणसाने आयुष्यात उधारीच्या वहीतसुद्धा खाडाखोड केली नाही, त्याच्यावर हा आळ यावा याचे मला फार वाईट वाटते.

माझे प्रश्न दोन. माणसाला आपण पाहतो आहोत याची जाणीव नसताना मेंदू पाहत राहू शकतो का? आणि तसे असेल, तर त्या पाहण्यावर रस्ता ओलांडण्याइतका किंवा स्कूटर चालवण्याइतका भरवसा ठेवता येतो का? एक गोष्ट सांगायची राहिली : जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी आणि कोशिंबीर पुष्कळदा तशीच राहते.

नेत्रपरीक्षक

मी नजरतपासणीच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून आधी ताटाविषयी लिहितो, कारण त्यावरून दोन वेगळ्या गोष्टी ओळखता येतात. उजव्या बाजूच्या मेंदूला इजा झाल्यावर डावीकडची नजर जाणे ही एक गोष्ट आणि डावी बाजू अस्तित्वातच आहे याचा विसर पडणे ही दुसरी. पहिलीत रुग्णाला आपली उणीव ठाऊक असते. "डावीकडे कोशिंबीर आहे" असे सांगितले की तो मान वळवतो, ती शोधतो, आणि पुढच्या वेळी स्वतःहून शोधण्याचा प्रयत्न करतो. दुसरीत, जिला दुर्लक्षविकार म्हणता येईल, तो मान वळवतच नाही, कधी अर्धीच दाढी करतो, घड्याळाचे चित्र काढताना बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो, आणि आपले काही चुकते आहे असे त्याला वाटतही नाही. बाबांनी केलेले "पाठीमागे जसे काहीच दिसत नाही" हे वर्णन इतके नेमके आहे की मला पहिली शक्यता अधिक वाटते. तरीही दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना त्याची स्वतंत्र चाचणी करायला अवश्य सांगा.

दुर्लक्षविकारातही तुमच्या प्रश्नाशी जोडलेली एक नोंद आहे. १९८८ मध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी अशा एका रुग्ण स्त्रीला एकाखाली एक दोन घरांची चित्रे दाखवली. घरे सारखीच होती, फक्त एकाच्या डाव्या बाजूने लाल ज्वाळा निघत होत्या. दोन्ही चित्रे सारखीच आहेत असे ती सांगत राहिली, परंतु यांपैकी कोणत्या घरात राहायला आवडेल असे विचारल्यावर बहुतेक वेळा तिने न जळणारे घर निवडले, आणि तेही हा प्रश्नच निरर्थक आहे असे म्हणत.

स्कूटरविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे : किल्ली काढून ठेवा. अर्धी नजर गेलेल्या माणसाने वाहन चालवू नये, मग चेंडूला त्याने कितीही वेळा वाट दिलेली असो.

सागरापलीकडून

मी दृष्टी आणि मेंदू या विषयात संशोधन करते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. या अवस्थेला इंग्रजीत ब्लाइंडसाइट म्हणतात, आपण अंधदृष्टी म्हणू. काकांचा आक्षेपही नवा नाही. या विषयातील पहिल्या रुग्णांवरही लोकांनी असाच संशय घेतला होता आणि तो फेडण्यासाठीच बरेचसे प्रयोग रचले गेले.

सुरुवात युद्धापासून झाली. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळी किंवा गोळ्याचा तुकडा लागलेले अनेक सैनिक वाचले आणि त्यांच्या जखमांवरून गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूच्या मागील भागात नजरेचा कोणता तुकडा कुठे उमटतो याचा नकाशा तयार केला. त्याच काळात, १९१७ मध्ये, जॉर्ज रिडॉक यांनी लिहिले की आपल्या काही सैनिकांना नजरेच्या आंधळ्या भागात स्थिर वस्तू अजिबात दिसत नाही, पण हलणारे काहीतरी जाणवते; त्याला आकार नसतो, रंग नसतो, फक्त हालचाल असते. होम्स यांना हे पटले नाही आणि रिडॉक यांचे निरीक्षण दीर्घकाळ बाजूला पडले.

पुढचा टप्पा हेलन नावाच्या माकडिणीचा. केंब्रिजला लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांच्या प्रयोगशाळेत तिच्या मेंदूतील प्राथमिक दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदूच्या सालीवर जिथे प्रथम उतरते तो भाग, शस्त्रक्रियेने काढला होता. ती आंधळी झाली असे सर्वांनी धरून चालले होते. निकोलस हम्फ्री या तरुण विद्यार्थ्याने तिच्यासोबत वर्षानुवर्षे काम केले, तिला मोकळ्यावर फिरायला नेले, आणि शेवटी ती अडथळ्यांनी भरलेल्या खोलीतून न धडपडता चालत जमिनीवरचे खाद्याचे कण वेचू लागली. ती हे कसे करते आहे याची तिला जाणीव होती का, हे तिला विचारता येण्यासारखे नव्हते.

माणसाला विचारता येते. १९७३ मध्ये डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका तरुणाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांची गाठ काढताना उजव्या बाजूचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र काढावे लागले आणि त्याची डावी नजर गेली, म्हणजे तुमच्या बाबांचीच बाजू. वाइसक्रांट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागात प्रकाशाचा ठिपका क्षणभर दाखवून "कुठे होता?" असे विचारले. "मला काही दिसलेच नाही, तर मी काय सांगू?" असा त्याचा सूर होता. मग त्यांनी त्याला नुसता अंदाज करायला लावले : बोट दाखव, रेघ आडवी की उभी ते कसेही ठरवून सांग. त्याचे अंदाज निव्वळ नशिबाने येतील त्याहून कितीतरी अधिक वेळा बरोबर निघाले. १९७४ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

इथे तुमच्या चेंडूकडे परत यावे लागते. घरातल्या प्रसंगावरून मी अंधदृष्टीचे निदान करणार नाही. घरंगळणाऱ्या चेंडूचा आवाज होतो, पेला पुढे करणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजतात, आणि डोळा डावीकडे किंचित जरी सरकला तरी ती वस्तू शाबूत अर्ध्या नजरेत येते. प्रयोगशाळेत म्हणून नजर एका बिंदूवर खिळवून ठेवतात, डोळ्यांच्या हालचाली यंत्राने नोंदवतात आणि चित्र इतका थोडा वेळ दाखवतात की डोळा वळेपर्यंत ते नाहीसे झालेले असते. डी. बी. बाबत प्रकाश चांगल्या भागात विखुरला असेल हा आक्षेप निघाला, तेव्हा वाइसक्रांट्झ यांनी केलेली तपासणी मला फार आवडते. प्रत्येक डोळ्यात नस बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रकाशाचा ठिपका नेमका त्या जागेवर टाकला तर डी. बी.ला तो ओळखता येईना, आणि त्याच आंधळ्या अर्ध्यात तो थोडा बाजूला सरकवला की ओळखता येई. उत्तर विखुरलेल्या प्रकाशावरून येत असते, तर दोन्ही जागी सारखेच आले असते.

हे घडते कसे? आपण डोळ्यापासून मेंदूपर्यंत एकच रस्ता आहे असे समजतो. मुख्य रस्ता एक आहेच : दृष्टिपटलातून निघालेल्या तंतूंपैकी साधारण ९० टक्के थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील भागामधल्या एका ठाण्यावर जातात आणि तिथून प्राथमिक दृष्टिक्षेत्राकडे. पण उरलेल्यांतले बरेचसे मध्यमेंदूच्या माथ्यावरील उंचवट्याकडे जातात. ही फार जुनी वाट आहे. बेडकाची नजर प्रामुख्याने तिच्यावरच चालते. शिवाय थॅलॅमसच्या त्याच ठाण्यातून काही थोडे तंतू प्राथमिक क्षेत्राला वळसा घालून थेट हालचाल ओळखणाऱ्या क्षेत्राकडे जातात. २०१० मध्ये माकडांवरील एका प्रयोगात हे ठाणे तात्पुरते बंद केल्यावर अंधदृष्टी नाहीशी झाली, आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटाने दाखवले की ज्या रुग्णांत अंधदृष्टी आहे त्यांच्यात हा वळशाचा मार्ग शाबूत आहे आणि ज्यांच्यात ती नाही त्यांच्यात तो तसा सापडत नाही. म्हणून अर्धी नजर गेलेल्या प्रत्येकाला हे साधते असे मुळीच नाही.

टी. एन. यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हे स्वतः डॉक्टर. एकापाठोपाठ दोन झटक्यांत त्यांची दोन्हीकडची प्राथमिक दृष्टिक्षेत्रे गेली आणि ते पूर्ण आंधळे झाले. काठी घेऊन चालत. २००८ मध्ये संशोधकांनी त्यांना काठीशिवाय एका बोळातून चालायला सांगितले. वाटेत खोकी आणि इतर वस्तू ठेवल्या आहेत हे त्यांना सांगितले नव्हते. ते एकाही वस्तूला न अडखळता, अंग चोरत, पलीकडे पोहोचले, आणि आपण वाट वाकडी केली हेच त्यांना ठाऊक नव्हते. त्याआधीच्या एका प्रयोगात, समोरच्या छायाचित्रातला चेहरा रागावलेला की आनंदी, हेही ते अंदाजाने बऱ्यापैकी ओळखत होते; परंतु चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा हे त्यांना ओळखता येत नव्हते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देऊन थांबते. डी. एफ. या स्त्रीला १९८८ मध्ये इटलीत न्हाणीघरातल्या गॅसच्या हीटरमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. (आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावलेले आजही दिसतात, कृपया हवा खेळती ठेवा.) तिचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र बरेचसे वाचले, पण आकार ओळखणारा पुढचा भाग गेला. समोरची फट आडवी की तिरकी हे तिला सांगता येत नसे, हातातले कार्ड फिरवून त्या कलाशी जुळवूनही दाखवता येत नसे. "हे कार्ड त्या फटीत टाक" असे म्हटले की तिचा हात जाता जाता बरोबर वळे आणि कार्ड आत जाई. मेल गूडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी यावरून असे मांडले की हे काय आहे ते ओळखणारी आणि याला हात कसा घालावा ते ठरवणारी अशा दोन वेगळ्या धारा मेंदूत आहेत, आणि जाणीव प्रामुख्याने पहिलीशी बांधलेली आहे. तुमच्या बाबांचा हात पेल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तोंडाने दिलेली साक्ष आणि हाताने दिलेली साक्ष वेगवेगळी असू शकते, आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

पायवाट

माहितीपूर्ण उत्तर. एक शंका : आपल्यासारख्या धडधाकट लोकांच्या मेंदूतही असे न जाणवता काही पाहिले जाते का? चित्रपटाच्या मध्ये क्षणभर जाहिरात झळकवून लोकांना खरेदीला लावल्याची गोष्ट नेहमी ऐकायला मिळते.

सागरापलीकडून

ती गोष्ट खोटी आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या जाहिरातदाराने न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात पॉपकॉर्न आणि कोका-कोलाचा खप असा वाढवल्याचा दावा केला आणि १९६२ मध्ये त्यात तथ्य नसल्याचे स्वतःच कबूल केले. न जाणवता पाहणे मात्र खरे आहे, फक्त त्याची पोच लहान आहे. स्तानिस्लास दहान यांच्या गटाने १९९८ मध्ये एक अंक ४३ मिलिसेकंद दाखवून लगेच अर्थहीन अक्षरांनी झाकला. तो कोणालाही दिसला नाही, तरीही त्यानंतर स्पष्ट दाखवलेला अंक ५ पेक्षा मोठा की लहान हे सांगताना, लपलेला अंक त्याच बाजूचा असेल तर लोक किंचित लवकर उत्तर देत आणि विरुद्ध बाजूचा असेल तर किंचित उशिरा. म्हणजे न दिसलेल्या अंकाची किंमत मेंदूने वाचली होती. तेवढ्याने कोणी उठून पॉपकॉर्न घ्यायला जात नाही.

कोरा कागद

मी या विषयात तत्त्वज्ञानाच्या बाजूने वाचन केले आहे आणि इथे थोडी सावधगिरी सुचवतो. "दिसले नाही" हे उत्तर दोन कारणांनी येऊ शकते. एक, खरोखर काहीच अनुभवाला आले नाही. दुसरे, जे आले ते इतके पुसट होते की त्याला दिसणे म्हणावे असे माणसाला वाटले नाही. रात्री वीज गेल्यावर अंगणात काही हलले का, असे कोणी विचारले तर सावध माणूस "नाही" म्हणेल, पण पैज लावायला सांगितली तर कोणत्या बाजूला ते सांगून जाईल. इयन फिलिप्स यांनी २०२१ मध्ये सविस्तर मांडले आहे की अंधदृष्टी ही जाणिवेवाचूनची दृष्टी नसून फार निकृष्ट झालेली, पण जाणिवेतलीच दृष्टी आहे. डेन्मार्कमधील मॉर्टेन ओव्हरगार्ड यांनीही दाखवले की रुग्णाला "दिसले" आणि "नाही दिसले" या दोनच उत्तरांऐवजी पुसट झलकेपासून स्पष्ट दिसण्यापर्यंत चार पायऱ्या दिल्या, तर त्याची बरोबर उत्तरे आणि त्याने सांगितलेली जाणीव पुष्कळ अंशी जुळू लागतात. स्वतः वाइसक्रांट्झ यांनीही, काहीच न जाणवणे आणि दिसल्यासारखे नव्हे पण काहीतरी घडल्यासारखे वाटणे, असे अंधदृष्टीचे दोन प्रकार पुढे मानले होते.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे हे मान्य करतो. कौई आणि स्टोरिग यांनी १९९५ मध्ये अर्धे दृष्टिक्षेत्र गेलेल्या माकडांना "प्रकाश नव्हता" असे उत्तर देण्याचीही सोय शिकवली. जो ठिपका ती हाताने अचूक दाखवत होती, तोच आंधळ्या भागात पडला की ती "प्रकाश नव्हता" हेच उत्तर निवडत. माकडाला नम्रतेपोटी नाही म्हणण्याचे कारण नसते. तरीही पुसट अनुभवाची शक्यता यातून पूर्णपणे बाद होत नाही असे माझे मत आहे.

हा वाद केवळ शब्दांचा वाटला तरी तुमच्या घरात त्याचा उपयोग आहे. बाबांना "दिसले की नाही?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढीच जागा आहे आणि दोन्ही उत्तरांत त्यांच्यावर संशय येतो. "काही जाणवले का, कसे जाणवले?" असे विचारून पाहा.

सागरापलीकडून

सूचना अगदी योग्य आहे. मतभेद एवढाच की टी. एन. यांच्यासारख्या रुग्णाला "पुसट दिसत होते" असे म्हणायला मला जड जाते. शिवाय जाणीव नेमकी कुठे हरवते याचा एक धागा हाती आहे. २००१ मध्ये पास्कुआल-लिओने आणि वॉल्श यांनी निरोगी माणसांच्या हालचाल ओळखणाऱ्या क्षेत्रावर चुंबकीय स्पंद दिला. लोकांना हलणारी चमक दिसे. पण त्यानंतर साधारण १० ते ४० मिलिसेकंदांनी प्राथमिक क्षेत्रावर दुसरा स्पंद दिला की तीच चमक नाहीशी होई किंवा स्थिर भासे. पुढच्या क्षेत्राकडून प्राथमिक क्षेत्राकडे परत येणारा निरोप जाणिवेसाठी लागतो, असा याचा अर्थ लावला जातो. बाबांच्या उजव्या बाजूला तो निरोप घ्यायला कोणी उरलेले नाही. पुढचे क्षेत्र कदाचित काम करत असेल; त्याची पोच मात्र मिळत नाही.

उजवी बाजू

माझी डावी नजर चार वर्षांपूर्वी अशीच गेली. ज्या रुग्णालयात होतो तिथे हातापायांचा व्यायाम शिकवला, पण नजरेचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही. ते मला फार उशिरा कळले. म्हणून लिहितो. वाचताना ओळ संपून पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही, पहिले दोन शब्द गळतात आणि वाक्याला अर्थ राहत नाही. वर्तमानपत्राच्या स्तंभाच्या डाव्या कडेला लाल पट्टी उभी ठेवा आणि लाल रंग दिसेपर्यंत नजर मागे न्यायची असा नियम करा. चालताना डोळे मोठ्या झेपेने डावीकडे टाकण्याचा सराव करावा लागतो, तो शिकवणारे तज्ज्ञ असतात. घरच्यांनी बोलताना उजवीकडे उभे राहावे. आणि हो, मलाही कधी कधी डावीकडे "काहीतरी" असल्यासारखे वाटते. मी त्यावर रस्ता ओलांडत नाही. थांबतो, मान पूर्ण वळवतो, मगच पाऊल टाकतो.

मुळाकाठ

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. स्कूटरची किल्ली त्याच दिवशी काढून ठेवली. तज्ज्ञांनी दुर्लक्षविकाराची चाचणी केली. घड्याळाचे आकडे बाबांनी चारी बाजूंना नीट लिहिले आणि रेघांच्या कागदावरच्या डावीकडच्या रेघाही मान वळवून शोधून खोडल्या, तेव्हा प्रश्न नजरेचाच आहे.

डी. बी. आणि टी. एन. यांची हकिगत मी बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. नंतर "काही जाणवले का?" असे विचारल्यावर प्रथमच म्हणाले की चेंडूच्या वेळी काही दिसले नव्हते, पण पाय तिथे ठेवू नये असे वाटले होते, आणि हे सांगितले असते तर कोणी खरे मानले नसते. आई शेजारीच बसली होती. काकांना मी हा धागा पाठवला आहे; त्यांचा फोन आला, तो थेट बाबांना.

एक प्रश्न बाबांनीच विचारायला सांगितला आहे : आपले अंदाज बरोबर होते हे कळल्यावर डी. बी.ला काय वाटले?

सागरापलीकडून

त्याला अतिशय आश्चर्य वाटले. आपण निव्वळ अंदाज करत होतो, यावर तो ठाम राहिला.

नेत्रपरीक्षक

ताटाविषयी एक राहिले. चटणी-कोशिंबीर उजवीकडे हलवू नका. ती डावीकडेच वाढा आणि प्रत्येक घासाला मान वळवून ती शोधायची सवय बाबांना लागू द्या.

मुळाकाठ

आईने कालपासून डावीकडे हिरव्या मिरचीचा ठेचा वाढायला सुरुवात केली आहे. तो त्यांच्या आवडीचा आहे, आणि काल ताटात काही राहिले नाही.